पाच अक्षरी इंग्रजी शब्द आणि शेवटचा 'एस': थोडी पार्श्वभूमी

"पाच अक्षरांचा शब्द, मधे ए आहे, टी आहे पण शेवटी नाही, सांगा काय काय बसतं" हा प्रश्न लोक आता इतक्या सहज टाकतात की वाटावं 2021 च्या आधी तो कुणाला पडलाच नव्हता. पडत होता, फक्त शोधायची साधनं वेगळी होती. आणि गंमत अशी की प्रत्येक वेळी गाडी एकाच ठिकाणी अडकली आहे, शेवटचा एस चालतो की नाही.

जुना भाग पटकन उरकतो. वर्तमानपत्रातलं पहिलं इंग्रजी शब्दकोडं 21 डिसेंबर 1913 ला न्यूयॉर्कमधे छापून आलं, चौकोनी नव्हे, हिऱ्याच्या आकाराचं. कोड्यांचं वेड पसरल्यावर साधी डिक्शनरी कमी पडायला लागली, कारण ती पहिल्या अक्षराने लावलेली असते आणि आपल्याला माहीत असतं तिसरं आणि पाचवं. मग शब्द लांबीप्रमाणे लावलेली पुस्तकं आली. तीन अक्षरी, चार अक्षरी, पाच अक्षरी, असे वेगवेगळे गठ्ठे.

(अक्षर म्हणजे इथे इंग्रजी लेटर हं. 'लाईट' आपल्या लिपीत तीन अक्षरं आणि त्यांच्याकडे पाच, त्यामुळे मराठीत हे सगळं लिहिताना जरा घोळ होतोच.)

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द जोडायचा खेळ, तो काढणाऱ्या माणसाने 1930 च्या दशकात वर्तमानपत्रांची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून सोंगट्या ठरवल्या. 100 सोंगट्यांत ई 12, पण एस फक्त 4. एस इंग्रजीत काही इतका दुर्मिळ नाही, तो मुद्दाम कमी ठेवला, नाहीतर जो तो समोरच्याच्या शब्दाला एस चिकटवून अनेकवचन करणार आणि फुकटचे पॉइंट घेणार. म्हणजे एसवर बंधन घालायची कल्पना काही आत्ताची नाही.

मग कॉम्प्युटर. 1973 च्या सुमारास युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधे ग्रेप नावाचा फाईलमधे शोधायचा प्रोग्राम आला आणि डॉट म्हणजे 'इथे काहीही चालेल' ही सोय झाली. शब्दांची फाईल घ्या, ओळीची सुरुवात आणि शेवट बांधून पाच डॉट द्या, पाच अक्षरी शब्द समोर. पण फाईल कुठली? काही सिस्टिममधे 1934 च्या एका जाडजूड डिक्शनरीवरून काढलेली यादी मिळायची, 2,34,936 शब्दांची, आणि ती का तर म्हणे त्या डिक्शनरीचा कॉपीराइट संपलाय. तिच्यात कुणी कधी न ऐकलेले शब्द ढिगाने, पण साधी अनेकवचनं जवळपास नाहीतच, कारण डिक्शनरी ती वेगळी देत नाही. उलट लिनक्सवरच्या काही याद्यांत 'कॅट्स' हा मालकीचा, म्हणजे वरच्या स्वल्पविरामासकट लिहिलेला सापडतो, आणि ते चिन्ह धरून त्याचे बरोबर पाच कॅरेक्टर होतात. पाच डॉट दिले की तोही ऐटीत येऊन बसतो. 1993 मधे एका नावाजलेल्या संगणकशास्त्रज्ञाने 5,757 पाच अक्षरी शब्दांची यादी प्रसिद्ध केली, त्यात अनेकवचनं बिनधास्त होती. म्हणजे तीन ठिकाणांहून तीन याद्या घेतल्या तर एकाच प्रश्नाला तीन उत्तरं, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

आता वर्डल. 1 नोव्हेंबर 2021 ला जेमतेम 90 लोक खेळत होते, दोन महिन्यांत 3 लाख झाले. खेळ थोडक्यात असा: रोजचा एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा अंदाजांत ओळखायचा, अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण दुसऱ्या जागी तर पिवळं, नाहीतर करडं. महत्त्वाचं हे की त्याच्या पोटात एक नाही दोन याद्या होत्या. एक लांबलचक, एकूण 12,972 शब्द, हे अंदाज म्हणून टाकायला चालतात. दुसरी छोटी, 2,315 शब्दांची, फक्त यातलंच उत्तर येणार. ही छोटी यादी कुठल्या भाषातज्ज्ञांच्या समितीने वगैरे केलेली नाही, बनवणाऱ्याच्या जोडीदारणीने हजारो शब्द एकेक करून बघितले आणि ओळखीचे वाटले ते राहिले. माझ्या मते याहून प्रामाणिक पद्धत नाही. दोन्ही याद्या पानाच्या कोडमधे उघड्या पडलेल्या होत्या, उत्तरं तर तारखेच्या क्रमाने, त्यामुळे शब्द शोधून देणाऱ्या साइट्सनी त्या तशाच उचलल्या.

जानेवारी 2022 च्या शेवटी एका मोठ्या वर्तमानपत्राने खेळ विकत घेतला आणि यादीला कात्री लागली. 15 फेब्रुवारीला काहींना उत्तर 'अगोरा' (जुन्या ग्रीक शहरातला चौक) आलं आणि काहींना 'अरोमा', कारण अगोरा नव्या मालकांनी अवघड म्हणून काढला होता आणि ज्यांच्याकडे जुनं पान उघडं होतं त्यांना तोच मिळाला. 9 मे ला 'फीटस' (म्हणजे गर्भ) येणार होता, त्याच सुमारास अमेरिकेत गर्भपाताच्या निकालाचा मसुदा फुटला होता, म्हणून घाईघाईने बदलला, तरी काहींना तो दिसलाच. बघा, शेवटी एस आहे पण अनेकवचन नाही.

आणि नोव्हेंबर 2022 मधे जाहीर झालं की एस किंवा ईएस लावून केलेलं अनेकवचन उत्तर म्हणून कधीच येणार नाही. 'फॉक्सेस' नाही, 'स्पॉट्स' नाही, पण एस न चिकटवता झालेली अनेकवचनं, म्हणजे 'गीज' येऊ शकतो, 'फंगाय' येऊ शकतो. यावर बरीच बोंबाबोंब झाली आणि मला ती निम्मीच पटते. तशी अनेकवचनं आधीच्या छोट्या यादीतही जवळपास नव्हती, म्हणजे जे चालू होतं तेच लेखी दिलं. पण लेखी दिल्यावर शोधायची पद्धतच बदलते ना. लांब यादीत एसने संपणारे शब्द हजारोंनी आहेत, उत्तर शोधताना त्यातले बहुतेक आता डोळे मिटून उडवता येतात. सगळे 12,972 सारखेच शक्य धरून गणित केलं की सुरुवातीला 'टेअर्स' (टी-ए-आर-ई-एस) सगळ्यात भारी ठरतो, शेवटी एसवाला. फक्त ते 2,315 धरले की 'सॅलेट' पुढे जातो, सरासरी साधारण 3.42 अंदाजांत काम होतं. इंग्रजी तीच, यादी बदलली. आणि सॅलेट म्हणजे एक जुनं शिरस्त्राण, जो स्वतः त्या 2,315 मधे नाहीच.

शोधून देणाऱ्या साइट्सची अजून एक जुनी खोड म्हणजे डबल अक्षर. समजा उत्तर 'देअर' आहे, टी-एच-ई-आर-ई वालं, आणि तुम्ही 'गीज' टाकलात, जी-ई-ई-एस-ई. तीन ई पैकी तिसऱ्या आणि पाचव्या जागेचे हिरवे, दुसऱ्या जागेचा करडा. आता साइट जर 'करडं म्हणजे हे अक्षर नाहीच' असं धरत असेल तर ई असलेले सगळे शब्द उडाले, उत्तरासकट. करड्याचा खरा अर्थ 'याहून जास्त ई नाहीत, आणि या जागी तर नाहीच', एवढाच.

आणि अनेकवचनाची बंदी उत्तरावर आहे, अंदाजावर नाही, हे बरेच जण विसरतात. आय-जी-एच-टी हिरवे झाले आणि पहिलं अक्षर अडलं असं धरा. लाईट, माईट, नाईट, राईट, साईट, टाईट, फाईट, शिवाय एट, जो कानाला वेगळा पण स्पेलिंगला तोच. ओळखीचे असे आठ शब्द, चान्स समजा तीन. इथे 'फिल्म्स' टाकायचा. उत्तर म्हणून तो येणं शक्य नाही, पण एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासले जातात, एखादा लागला तर शब्द मिळालाच, नाही लागला तर या आठातले चारच उरतात. हार्ड मोड, म्हणजे सापडलेली अक्षरं पुढच्या अंदाजात वापरायलाच लावणारी सोय, चालू असेल तर मात्र खेळ 'फिल्म्स' घेतच नाही, तिथे लाईट, माईट, नाईट करत एकेक जाळत बसायचं.