डिपस्टिकवरची रेघ

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमची पद्मिनी गाडी धुऊन पुसून झाली आणि सवयीप्रमाणे बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल बघायची काडी, काढली, तर तेल वरच्या रेघेच्याही जवळजवळ बोटभर, म्हणजे १४ मिमी वर! आता तीन दिवसांपूर्वी मी स्वतः माप लावून तेल भरलं होतं, मॅन्युअलमधे लिहिलंय तेवढंच. शेजारचे काका म्हणाले, "असू दे रे, जास्त असलेलं बरं, इंजिन थंड राहतं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो.

जास्त असलेलं बरं नसतं काका. इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरच्या वरच क्रँक, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा दांडा, फिरतो, ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) सेकंदाला ५० फेरे. तेल त्याला टेकलं की ताक घुसळावं तसं घुसळलं जातं, फेस होतो आणि पंप तो फेस बेअरिंगला पाठवतो. तेल दाबलं जात नाही पण हवा दाबली जाते, त्यामुळे क्रँक आणि बेअरिंगच्या मधला तेलाचा पातळ थर टिकत नाही. आणि कमी असेल तर दिवे घाटासारख्या वळणावर गंमत कळते. गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट जोर आडवा लागला तरी तेलाची पातळी १७ अंश कलते, म्हणजे मधल्यापासून १० सेंमीवर तेल ३ सेंमीने खाली जातं, आणि पंप जिथून तेल ओढतो ती जाळी नेमकी त्या बाजूला असली की ती हवा ओढते.

तर मुद्दा असा की डिपस्टिक लिटर मोजतच नाही. विहिरीत दोर सोडून पाणी बघावं तसं ती फक्त एका जागची उंची सांगते. लिटर काढायचे तर उंची गुणिले क्षेत्रफळ, आणि चेंबर काही सरळ डबा नसतो, एका बाजूला खोल खड्डा आणि बाकी उथळ, त्यामुळे तळाशी १ सेंमी वाढायला कमी तेल लागतं आणि वरच्या रुंद भागात तेवढंच वाढायला खूप लागतं. समजा वरचा भाग ३० बाय २० सेंमीचा धरला तर क्षेत्रफळ ६०० चौसेंमी, म्हणजे १ सेंमी म्हणजे ६०० मिली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

माझी काडी डुप्लिकेट निघाली. मूळची कधीतरी हरवली होती आणि नाना पेठेतल्या एका दुकानातून ही आणली होती, दिसायला सेम टू सेम. मित्राच्या पद्मिनीची ओरिजिनल शेजारी ठेवून स्केलने मोजलं तर माझ्या काडीवर टोपीपासून वरच्या रेघेपर्यंतचं अंतर ९ मिमी जास्त. काडी टोपीवर लटकते ना, म्हणजे रेघ ९ मिमी खाली गेली, आणि बरोबर असलेलं तेल ९ मिमी जास्त दिसायला लागलं. ओव्हरहॉलमधे काडीची नळी कोणी ठोकून जास्त आत बसवली तरी हेच होतं.

उरलेले ५ मिमी कुठून आले? पार्किंगमधून. पाणी वाहून जावं म्हणून आमच्या पार्किंगला २ अंश उतार दिलाय, डोळ्याला कळत नाही. टॅन २ अंश म्हणजे ०.०३५, काडी चेंबरच्या मध्यापासून १५ सेंमी उताराच्या बाजूला, गुणाकार करा, ५ मिमी. एकूण १४ मिमी, म्हणजे १.४ सेंमी, गुणिले ६००, झाले ८४० मिली. बऱ्याच गाड्यांमधे वरच्या आणि खालच्या रेघेत साधारण लिटरभराचाच फरक असतो आणि मी हे ८४० मिली चांगलं तेल काढून टाकायला निघालो होतो!

तापमानाचंही थोडं आहे. तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं, ४ लिटर तेल २५ वरून ९० अंशावर गेलं की १८० मिली जास्त दिसतं. पण इंजिन नुकतंच बंद केलेलं असेल तर तेल वरच अडकलेलं असतं आणि उलट कमी दिसतं. म्हणून १० मिनिटं थांबायचं, काडी पुसून परत घालायची, दोन्ही बाजू बघायच्या आणि कमी दिसेल ती खरी धरायची.

मग मी नवी रेघ मारली. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आणून चाकांखाली फळ्या सरकवत गाडी समतल केली, गरम असतानाच जुनं तेल काढलं, मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा १ लिटर कमी भरलं, इंजिन मिनिटभर चालवलं, १० मिनिटं थांबून खूण केली. मग अर्धा लिटर, परत खूण, परत अर्धा. या दोन अर्ध्यांच्या खुणा सारख्या अंतरावर आल्याच नाहीत, चेंबरचा आकारच तिथे दिसतो, मला तर फार भारी वाटलं. मॅन्युअलमधला आकडा तेल बदलतानाचा आहे का कोरड्या इंजिनाचा ते मात्र आधी बघा, कारण ड्रेन नट काढला तरी थोडं तेल आत राहतंच. आणि स्पीडब्रेकरला चेंबर चेपलेलं असेल तर तेवढंच तेल अजून वर दिसणार.

दसऱ्याला झेंडूचा हार घातला, आईच्या आग्रहाखातर चाकाखाली लिंबूही ठेवलं. लिंबाने तेलाची पातळी हलत नाही, आणि "इंजिनाचं आयुष्य दुप्पट" म्हणून विकतात त्या तेलात घालायच्या महागड्या बाटलीपेक्षा ते स्वस्त तरी आहे.

सध्या पार्किंगमधे चार चाकांच्या जागी खडूने खुणा केल्यात, रोज तिथेच गाडी लावून तेल बघता यावं म्हणून. झाडणाऱ्या मावशींनी दोनदा पुसल्या. आता ऑइलपेंट आणतो.