स्थलांतर आणि ऱ्हासाची भीती (पुणे)

बाहेरून येणाऱ्यांचे लोंढे असेच चालू राहिले तर आपले गाव, आपली भाषा आणि अखेर आपला देशच बुडेल, अशी आधी वसलेल्यांना वाटणारी धास्ती. इतरत्र ती राष्ट्राच्या नावाने बोलली जाते, पुण्यात बहुधा शहराच्या नावाने. ‘पूर्वीचं पुणं राहिलं नाही’ हे तिचे इथले ठरलेले वाक्य. बोलणाऱ्याचे ‘पूर्वीचं पुणं’ नेमके कधीचे हे विचारावे, तर त्याचे घराणे इथे येऊन स्थिरावले त्याच सुमाराचे निघते.

या बोलण्यातले शब्द ठरलेले आहेत : उपरा, परप्रांतीय, भूमिपुत्र. प्रांत जाऊन राज्ये आली, तरी ‘परप्रांतीय’ टिकून आहे. गंमत म्हणजे हाच भूमिपुत्र बोरघाट उतरून मुंबईत गेला की तिथे ‘घाटी’ ठरतो.

शहराचा इतिहास या धास्तीला फारसा आधार देत नाही. १६३० च्या सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून उजाड केले. त्याने गाढवाचा नांगर फिरवला आणि पुढे जिजाबाई-शिवाजींनी सोन्याचा नांगर फिरवून गाव पुन्हा वसवले, असे परंपरा सांगते. म्हणजे आजचे पुणे मुळातच पुनर्वसित. बाळाजी विश्वनाथ भट कोकणातल्या श्रीवर्धनचे. त्यांना १७१३ मध्ये पेशवाई मिळाली, १७३० मध्ये पहिल्या बाजीरावाने शनिवारवाड्याचे काम सुरू केले आणि त्यांच्यामागून चित्पावन कुटुंबे घाट चढून आली. आज ‘अस्सल पुणेकर’ म्हटल्यावर जी आडनावे डोळ्यांसमोर येतात, त्यांतली बरीच अशी कोकणातून आलेली. नव्या पेठा वसवताना सरकार कौल (अभयपत्र) देई, काही वर्षे कर माफ करी आणि व्यापारी-कारागिरांना बोलावून घेई. बोहरी आळी अशा बोलावल्या-आलेल्यांच्या वस्तीची खूण नावात बाळगून आहे.

त्या काळात बाहेरच्यांवरून कटुता नव्हती असे नाही. कोतवाल घाशीराम हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. घाशीराम उत्तरेकडचा होता हे गोष्ट सांगणारा आजही आवर्जून सांगतो. मेलेले तेलंगीही बाहेरचेच होते, हे सांगायचे राहून जाते.

१८७५ चे दख्खनचे दंगे या विषयात नीट पाहण्यासारखे आहेत. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. त्यांना हवी होती ती कर्जखते आणि रोखे, कारण ते जाळायचे होते. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, त्यातच सरकारने शेतसारा वाढवून ठेवला होता. कापसाचा बाजार किंवा महसूल खाते हाताला लागणारे नव्हते. सावकाराचे दुकान मात्र गावातच होते, आणि सावकार परका होता. १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीच्या छावणीत आले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, मग वाहन-कारखाने आले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली माणसे इकडे लोटली आणि शेवटी हिंजवडीच्या संगणक उद्योगामागे सगळा देश आला. पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २५ लाख होती, २०११ मध्ये ३१ लाख झाली. पिंपरी-चिंचवडची दहा लाखांवरून सतरा लाखांवर गेली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे त्यानंतरच्या गप्पांना आकड्यांचा लगाम नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित होते. त्यांतले राज्याची सीमा ओलांडलेले जेमतेम साडेपाच कोटी. स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न. या हिशेबात घरोघरच्या सुनाच देशातल्या सर्वांत मोठ्या उपऱ्या, पण त्यांच्यावर मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. भाषेचे म्हणाल तर राज्यात मराठी मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी ६९ टक्क्यांच्या आसपासच होते. हिंदीचे ११ वरून १३ टक्क्यांकडे सरकले. जन्मदराचा फरक मात्र खरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर स्त्रीमागे मुले महाराष्ट्रात १.७, बिहारमध्ये ३ आढळली. कामाला हात कुठून येणार, याचे उत्तर त्यातच आहे.

ते हात पाहायचे तर सकाळी आठच्या आत वारजे किंवा हडपसरच्या मजूर अड्ड्यावर जावे. डब्याच्या पिशवीतून थापी, ओळंबा डोकावत असतो. टेम्पो थांबला की घोळका धावतो आणि हजेरी ठरते. लातूरचा बिगारी म्हणतो, ‘हे भय्ये शंभर रुपये कमी घेतात, आमचा भाव पडतो.’ ही तक्रार खोटी नाही. राष्ट्राच्या ऱ्हासाशी तिचा संबंध नाही, मजुरीच्या दराशी आहे. पण तिच्यावर भाषण ठोकणे सोपे आणि किमान वेतन अड्ड्यापर्यंत पोहोचवणे जिकिरीचे.

राजकारणाने ही धास्ती वेळोवेळी वापरली. १९६६ मध्ये मुंबईत शिवसेना स्थापन झाली तेव्हा रोख दाक्षिणात्यांवर होता. २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचा २००८ च्या आंदोलनातला रोख उत्तर भारतीयांवर, आणि तेव्हा पुणे-नाशिकहून कामगार गावी पळाले. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या हिंसाचारानंतर अफवांचे संदेश फिरले आणि ईशान्येकडचे विद्यार्थी-कामगार पुणे, बंगळूरु सोडून गुवाहाटीच्या गाड्यांत चढले. एकगठ्ठा संदेशांवर केंद्राला मर्यादा घालावी लागली. राज्यघटनेचे कलम १९ देशात कुठेही राहण्या-वसण्याचा हक्क देते, हे त्या फलाटावर कुणाला आठवले असेल असे वाटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत श्रमिक गाड्यांनी माणसे परत गेली, तेव्हा अर्धवट इमारतींवर कामाला माणूस मिळेना.

टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या, फोडलेल्या टेकड्या, रुतलेली वाहतूक ही गाऱ्हाणी खरीच आहेत, पण परवानग्या बिहारमधून येत नाहीत. दुकानात मराठी ऐकू येत नाही म्हणावे, तर पहिले वाक्य हिंदीत टाकणारा बहुतेक वेळा मराठी गिऱ्हाईकच असतो.

उलट दिशेचे स्थलांतर या चर्चेत क्वचित येते. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी केली, १९२४ च्या कायद्याने आशियाची वाट जवळजवळ बुजवली, आणि दोन्ही वेळी कारण हेच दिले गेले : यांच्यामुळे देश बुडेल. १९६५ मध्ये कायदा बदलला, मग पुण्याचे इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. कोथरूडच्या एखाद्या सदनिकेत आज आजी-आजोबा दोघेच असतात, मुलगा न्यू जर्सीत. दिवसभराची मावशी नांदेडची, रखवालदार नेपाळचा, गॅसची टाकी वर आणून देणारा उत्तर प्रदेशचा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी कुशल नोकरदारांच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावले, तेव्हा अशा घरांत पहिला फोन मुलाला गेला : ‘तुला काही होणार नाही ना?’