मणी वापरले म्हणून तोंडी गणित कच्चं राहत नाही

‘लहानपणी मण्यांवर मोजायची सवय लागली की मुलाला पुढे मण्यांशिवाय गणित जमतच नाही’, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागची काळजी खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

सात मणी ओळीत ठेवून मुलाला मोजायला सांगा. मग त्याच्यादेखत तेच मणी लांब लांब पसरवा आणि विचारा, आता किती? चारेक वर्षांची बरीच मुलं ‘जास्त झाले’ म्हणतात. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारीसुद्धा! अंक पाठ असणं वेगळं, संख्या उमगणं वेगळं. ही उमज मणी हाताळता हाताळता पक्की होते.

आता ८ + ५ घ्या. दहा मणी मावतील अशा तारेत आठ मणी ओवलेले आहेत. पाचातले दोन ओवले की तार भरते, हातात तीन उरतात, झाले तेरा. पुढे मूल हीच फोड मनात करतं. तोंडी गणिताचा पाया इथेच पडतो.

भीतीत तथ्य इतकंच की दरवेळी एकपासून मोजू दिलं तर मूल तिथेच रेंगाळू शकतं. म्हणून अधूनमधून पडताळा घ्या. आठ मणी दाखवून रुमालाने झाका, आणखी दोन आत सरकवा आणि विचारा. उत्तर आलं तर मण्यांची गरज सुटत चालली आहे. नाही आलं तर रुमाल काढा, निवांत मोजू द्या.

तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र सुटे बारीक मणी देऊ नका. घशात अडकू शकतात.