फोर्ट्रानमधील मोठ्या ॲरेंसाठी मेमरी वाटप

प्रोग्रॅम चालू असताना ॲरेचा (एकाच नावाखाली साठवलेल्या संख्यांच्या रांगेचा किंवा तक्त्याचा) आकार ठरवून त्याला लागेल तेवढी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळवणे, याला मेमरी वाटप म्हणतात. फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ‘फोर्ट्रान ७७’ या प्रमाणित आवृत्तीत ही सोय नव्हती. आकार कोडमध्ये आधीच लिहावा लागे आणि डेटा वाढला की आकडा बदलून पुन्हा कंपाइल करावे लागे. फोर्ट्रान ९० मध्ये ‘ॲलोकेटेबल’ (आकार नंतर ठरवता येणारे) ॲरे आणि त्यांना मेमरी देणारे ‘ॲलोकेट’ हे स्टेटमेंट आले.

आधी हिशोब करावा. डबल प्रिसिजनच्या (जास्त अचूक दशांश प्रकारच्या) एका संख्येला ८ बाइट लागतात, म्हणजे १०,००० × १०,००० च्या ॲरेला ८० कोटी बाइट आणि ५०,००० × ५०,००० च्या ॲरेला २० गिगाबाइट. या दुसऱ्या ॲरेत २५० कोटी घटक आहेत, तर ३२ बिटी पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मावते. दोन मितींचा ॲरे मागितला तर अडत नाही. मात्र एकाच मितीचा ॲरे घेऊन त्याचा आकार साध्या पूर्णांकांच्या गुणाकाराने काढला, तर गुणाकार ओव्हरफ्लो होऊन (पूर्णांकात न मावून) बहुधा ऋण निघतो. वरची सीमा ऋण असलेला ॲरे फोर्ट्रानमध्ये शून्य घटकांचा ठरतो आणि वाटप बिनतक्रार ‘यशस्वी’ होते! म्हणून असा गुणाकार ६४ बिटी पूर्णांकातच करावा.

ॲरे स्टॅकवर (सबरूटीनच्या तात्पुरत्या डेटाची मर्यादित जागा) आहे की हीपवर (मागणीनुसार मिळणारी मोठी जागा), हेही पाहावे लागते. सबरूटीनला मिळालेल्या आकारावरून तयार होणारे ऑटोमॅटिक ॲरे इंटेलचा कंपायलर मुळातच स्टॅकवर ठेवतो. जीफोर्ट्रान हा मोफत कंपायलर ते एरव्ही हीपवर ठेवतो, पण ‘ओफास्ट’ पर्याय दिला की तेही स्टॅकवर जातात. लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ मेगाबाइट असते. १०२४ × १०२४ चा डबल प्रिसिजन ॲरे एकटाच ती संपवतो. मग सबरूटीनमध्ये शिरताच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीच्या चुकीने प्रोग्रॅम बंद पडणे) येतो आणि दोष मात्र भलत्याच ओळीत शोधला जातो. ‘यूलिमिट’ या कमांडने मर्यादा वाढवता येते, पण ओपनएमपीच्या (काम अनेक थ्रेडांत, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांत, वाटण्याच्या पद्धतीच्या) इतर थ्रेडांचा स्टॅक वेगळा असल्याने त्यांना तिचा उपयोग होईलच असे नाही. मोठा ॲरे ॲलोकेटेबल करणे हाच पक्का उपाय.

‘ॲलोकेट’मध्ये ‘स्टॅट’ हा व्हेरिएबल द्यावा. वाटप फसले तर त्यात शून्येतर किंमत येते. तो दिला नसेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. मात्र ‘स्टॅट’ शून्य आला म्हणजे मेमरी हाती आली असे नव्हे. लिनक्स मेमरीची प्रत्यक्ष पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) पहिल्यांदा लिहिताना देतो, त्यामुळे उपलब्ध मेमरीपेक्षा मोठी मागणीही मान्य होऊ शकते आणि नंतर ॲरे भरताना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालू प्रोग्रॅम मारून टाकतो. अनेक प्रोसेसर सॉकेट असलेल्या यंत्रावर पान सहसा पहिल्यांदा लिहिणाऱ्या थ्रेडजवळच्या मेमरीत बसते. म्हणून ॲरे शून्याने भरण्याचा लूपही पुढच्या गणनेसारखाच थ्रेडांत वाटावा. फोर्ट्रान स्तंभानुसार साठवतो, तेव्हा पहिला निर्देशांक सर्वांत आतल्या लूपमध्ये हवा.

ॲरे वाढवायचा तर नवा मोठा ॲरे घेऊन, जुना मजकूर कॉपी करून, नव्या ॲरेची मेमरी जुन्या नावाकडे सोपवणारे ‘मूव्ह-ॲलॉक’ वापरतात (फोर्ट्रान २००३ पासून). कॉपी होईपर्यंत दोन्ही ॲरे मेमरीत असतात: २० गिगाबाइटचा ॲरे ३० वर न्यायला काही काळ ५० लागतात. सबरूटीनमधले ॲलोकेटेबल ॲरे ‘सेव्ह’ (पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलेले) नसतील तर बाहेर पडताना आपोआप मोकळे होतात, हा फोर्ट्रान ९५ चा नियम. पॉइंटरने (मेमरीतल्या जागेकडे निर्देश करणाऱ्या व्हेरिएबलने) घेतलेल्या ॲरेंना तो लागू नाही. ते ‘डीॲलोकेट’ केल्याशिवाय मेमरी अडवून बसतात.