दुसरी टाकी साक्ष देते

अमेरिकेत फोर्डची एफ-१५० पिकअप १९९६ पर्यंत दोन पेट्रोल टाक्यांसह मिळत असे. एक टाकी ड्रायव्हरच्या बाजूला चेसीला लागून, दुसरी मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे, आणि डॅशबोर्डवर ‘पुढची’ की ‘मागची’ ते ठरवणारं एक बटण. दोन्ही मिळून सुमारे १३० लिटर पेट्रोल मावायचं. गावं विरळ, पेट्रोल पंप लांब आणि ओझं ओढताना गाडी पेट्रोल ढोसणार, म्हणून ही बेगमी. १९९७ च्या नव्या एफ-१५० मध्ये एकच टाकी उरली. जुन्या गाड्या मात्र अजून धावताहेत आणि अधूनमधून बंदही पडताहेत.

आपल्याकडच्या वाचकाला इथे जुन्या मोटारसायकलचा रिझर्व्हचा कॉक आठवेल, पण ते प्रकरण वेगळं. रिझर्व्ह म्हणजे त्याच टाकीच्या तळाचं पेट्रोल. इथे इंजेक्शनच्या गाड्यांत, म्हणजे इंजेक्टरमधून पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या गाड्यांत, प्रत्येक टाकीत स्वतंत्र विजेचा पंप बसवलेला असतो. म्हणून गाडी आचके देऊन बंद पडली की बॉनेट उघडण्याआधी बटण दाबायचं. दुसऱ्या टाकीवर इंजिन सुरळीत चाललं, तर इग्निशन, इंजिनचा कॉम्प्युटर, रिले (पंपाला वीज देणारा विजेवरचा स्विच), इंजेक्टर हे सगळे एका फटक्यात सुटले. संशय उरतो तो पहिल्या टाकीतला पंप, त्याच्या तोंडाची जाळी, त्याची वायर आणि बटणातला त्याच्या वाटचा संपर्क यांच्यावर. प्रयोगशाळेत तुलनेसाठी एक नमुना बाजूला ठेवतात, तो इथे गाडीखालीच टांगलेला आहे.

दोन्ही टाक्यांवर गाडी चालेना, तर दोष दोघींच्या सामाईक वाटेवर शोधायचा. दोन पंप एकाच दिवशी कशाला मरतील? तर्क बरोबर आहे, पण मालकाला एक प्रश्न विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये: ‘दुसरी टाकी शेवटची कधी वापरली होती?’ कित्येकदा मागचा पंप केव्हाच गेलेला असतो आणि ‘पुढची चालतेय ना’ म्हणत वर्षं काढलेली असतात. मग पुढचाही गेला की दोन्ही एकदम गेल्यासारखे वाटतात.

यानंतरचं काम कानाचं. एकाने चावी ‘ऑन’ला न्यायची, स्टार्टर मारायचा नाही, दुसऱ्याने टाकीजवळ कान द्यायचा. पंप एक-दोन सेकंद घूंऽऽ करतो आणि गप्प होतो. हा बिघाड नव्हे. इंजिन फिरत नाही हे कळलं की कॉम्प्युटरच त्याला थांबवतो, म्हणजे अपघातानंतर तुटलेल्या नळीतून पेट्रोल उसळत राहत नाही. दोन्हीकडे शांतता असेल, तर फ्यूज आणि रिलेसोबत प्रवाशाच्या पायाशी असलेला धक्क्याचा स्विचही पाहावा. त्यात चुंबकाने धरून ठेवलेली एक पोलादी गोळी असते. जोराचा धक्का बसला की गोळी सुटते, पंपाची वीज तुटते आणि वरचं बटण उठून येतं. पेट्रोल कुठे गळत नाही ना हे पाहून ते दाबलं की झालं. टाकी उतरवल्यावर हे बटण आठवणं फार जिवावर येतं.

आवाज आला म्हणजे पंप चांगला, असं मात्र नाही. इंजिनवरच्या पेट्रोलच्या नळीला टायरच्या व्हॉल्व्हसारखं तोंड असतं; तिथे गेज लावून साधारण ३० ते ४५ पीएसआय दाब मिळतो का, हे पाहावं लागतं. इथे मॉडेलचं साल महत्त्वाचं. १९८९ पर्यंतच्या इंजेक्शनच्या गाड्यांत टाकीतले पंप कमी दाबाचे असतात आणि खरा दाब चेसीवरचा तिसरा पंप देतो. टाकीतला पंप गेला, तरी भरल्या टाकीवर गाडी बऱ्यापैकी चालते. पेट्रोल खाली गेलं की चेसीवरचा पंप किंचाळू लागतो. १९९० पासून तिसरा पंप काढून टाकला आणि जास्त दाबाचे पंप झडपांसह टाक्यांतच आले. त्यातली एखादी झडप नीट मिटली नाही, तर चालू टाकीतलं पेट्रोल बंद टाकीत जातं. पुढच्या टाकीवर गाडी चालवताना मागची भरत चालली, तर दोष झडपेचा.

सर्वांत फसवा बिघाड विजेचा, आणि तो शेतकऱ्याला चटकन कळेल. मोटर बंद असताना व्होल्टेज भरपूर, सुरू केली की दिवे मंद! पंपाचा कनेक्टर काढून मल्टीमीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. पंप ओढतो सुमारे ५ अँपिअर. गंजलेल्या सांध्यात ०.४ ओहम विरोध असला, तर तिथेच २ व्होल्ट खर्ची पडतात. पंप फिरतो, पण दाब देत नाही. म्हणून मोजमाप कनेक्टर जोडलेला आणि पंप चालू असतानाच घ्यावं, अर्थिंगच्या बाजूनेही.

पेट्रोलमध्ये बुडालेली विजेची मोटर पेट का घेत नाही? पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते. बंद टाकीत ती एरवी याहून कितीतरी दाट असते. तिला पेटायला हवा पुरत नाही. उलट पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. बोअरवेलचा सबमर्सिबल कोरडा चालला की जळतो, तीच गत इथे: टाकी कायम तळाला ठेवून फिरणाऱ्याचा पंप लवकर तापून मरतो.

टाकीबाहेर हिशेब उलटा होतो. खाली उतरवलेल्या, उघड्या टाकीपाशी वाफ पातळ होत होत नेमकी पेटण्याजोगी होते. तिथे चालू बल्ब लोंबता ठेवू नये आणि बॅटरीची वायर आधीच काढावी. मागच्या टाकीसाठी तर अनेक जण टाकी खाली उतरवतच नाहीत; बोल्ट सोडून मागचा हौदाच उचलून बाजूला ठेवतात. जुन्या, गंजलेल्या गाडीत ते बोल्ट सुटले तर.