पेटतच नाही, की पेटून विझतो?

दिवाळी आठवड्यावर आली की बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत कुकिंग रेंजच्या ओव्हनमध्ये वर्षभर कोंबलेले तवे नि पराती बाहेर निघतात. नानकटाईचं पीठ मळून तयार, वरच्या शेगड्याही छान पेटतात. ओव्हन मात्र पेटत नाही. मेकॅनिकला बोलावण्याआधी एकच गोष्ट नीट बघा: ओव्हन मुळीच पेटत नाही, की पेटतो आणि नॉब सोडताच विझतो? निम्मं निदान इथेच होतं.

पेटून विझत असेल तर गॅसही ठीक आहे आणि ठिणगीही. संशय थर्मोकपलवर, म्हणजे ज्योत पेटलेली आहे का हे ओळखणाऱ्या भागावर घ्यायचा. ओव्हनच्या तळाचा पत्रा उचलला की बर्नरला लागून पेनाच्या रिफिलएवढी जाड धातूची कांडी दिसते, तीच ही. दोन वेगळ्या धातूंचा जोड तापवला की वीज निर्माण होते, हे थॉमस सीबेक यांच्या 1821 मधल्या प्रयोगांतून पुढे आलं. या कांडीचं टोक ज्योतीत लाल झालं की साधारण 20 ते 30 मिलिव्होल्ट मिळतात. घड्याळातल्या सेलच्या पन्नासाव्या हिश्शाइतका हा विद्युतदाब. पण नॉबमागच्या छोट्या विद्युतचुंबकाला गॅसची झडप उघडी धरून ठेवायला तो पुरतो. ज्योत विझली की टोक थंड होतं, चुंबक सुटतो आणि गॅस बंद होतो. ओव्हन बंद केल्यावर थोड्या वेळाने आतून बारीकसा ‘खट्’ आवाज येतो, तो या झडपेचा.

म्हणूनच नॉब 10 ते 15 सेकंद दाबून धरावा लागतो. बरेच जण तीन सेकंदांतच सोडतात. पुरेसा वेळ धरूनही विझत असेल, तर मेन कॉक बंद करून, ओव्हन गार झाल्यावर टोकावरची काजळी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच काढा. टोक ज्योतीच्या बाहेर सरकलेलं नाही ना, मागचा नट ढिला नाही ना, हेही पाहा. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरे. जास्त आवळला तर आतला संपर्क चिरडतो. तरीही फरक पडला नाही तर थर्मोकपल बदलून घ्या. या सुरक्षेला बगल देऊन झडप कायम उघडी ठेवण्याचा ‘जुगाड’ कोणी सुचवला तर ठाम नकार द्या. ज्योत विझली तरी गॅस येतच राहील आणि घरात कुणाला कळणारही नाही.

मुळीच पेटत नसेल तर खोलीतला दिवा मालवून ठिणगी पाहा. इलेक्ट्रोड (ठिणगी पाडणारी कांडी) आणि बर्नर यांत 3 ते 5 मिलिमीटर अंतर हवं आणि ठिणगी तिथेच, निळसर पांढरी उडायला हवी. टकटक ऐकू येते पण ठिणगी दिसत नाही, तेव्हा ती बहुधा भलतीकडे पळते: इलेक्ट्रोडभोवतीच्या चिनीमातीच्या नळीवर तेलकट थर, पावसाळी ओल किंवा केसासारखी चीर असते. प्लग काढून किंवा सेल बाहेर घेऊन ही नळी पुसून कोरडी करा. चीर असेल तर इलेक्ट्रोड नवा.

ठिणगी आहे, गॅस पोहोचत नाही, असंही होतं. बंद पडलेल्या नळीत हवा साचते, म्हणून आधी वरची एक शेगडी पेटवून मग ओव्हन लावा. बर्नरच्या नळीत कोळ्याची जाळी सापडणंही नेहमीचंच. नॉझल, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, मात्र सुईने टोकरू नका. भोक किंचित मोठं झालं तरी ज्योत बिघडते. साबणाच्या पाण्यात भिजवून फुंकर मारा.

बडोद्यात एक कारण विशेष तपासावं. घरात पाइपलाइनचा गॅस (मुख्यतः मिथेन) आला, शेगडीचे नॉझल बदलले, ओव्हनचा राहून गेला. तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनपेक्षा एलपीजीत अडीच पटींहून जास्त उष्णता असते, शिवाय पाइपलाइनचा दाबही कमी, साधारण 21 मिलिबार. सिलिंडरच्या रेग्युलेटरनंतर तो 30 च्या आसपास असतो. एलपीजीच्या बारीक भोकातून पुरेसा मिथेन येत नाही. ज्योत बुटकी राहते, थर्मोकपलच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि चांगला थर्मोकपल उगाच बदलला जातो. नॉझल गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच बदलून घ्या, आणि ओव्हन व ग्रिल दोन्हींचे बदलले का ते विचारा.

पेटवताना दार उघडं ठेवा. 15 सेकंदांत पेटला नाही तर नॉब बंद करून किमान एक मिनिट थांबा. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के, तर एलपीजी साधारण 2 ते 9 टक्के असताना भडका उडतो. लागोपाठ प्रयत्न केले तर ओव्हनच्या बंद पेटीत हे प्रमाण पटकन गाठलं जातं. मिथेन वर चढतो, एलपीजी खाली बसतो, त्यामुळे सिलिंडरवाल्यांनी ओट्याखालचं कपाटही उघडावं. वास राहिलाच तर विजेचं कुठलंही बटण न दाबता मेन कॉक बंद करा, खिडक्या उघडा आणि घराबाहेर येऊन फोन करा; एलपीजी गळतीसाठी 1906 हा क्रमांक आहे.