स्कॅन वेगळं, ड्युअल वॉच वेगळं

“माझा हॅण्डहेल्ड (हातातला रेडिओ संच) स्कॅनवर असतो, दोन्ही रिपीटर (सिग्नल पकडून पुन्हा दूरवर पाठवणारी केंद्रं) ऐकू येतात,” असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, पडद्यावर काय दिसतंय? उत्तर येतं, “दोन ओळी.” मग तो स्कॅनवर नाही, ड्युअल वॉचवर आहे, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सी आळीपाळीने ऐकतोय. कधी कधी तर ड्युअल वॉचही बंद असतं. पडद्यावर दोन फ्रिक्वेन्सी दिसतात म्हणून दोन्ही ऐकू येत असतील, असं धरून माणूस तासन्‌तास एकाच फ्रिक्वेन्सीवर बसलेला असतो. नव्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मित्रांना हे इतक्या वेळा समजावून झालंय की एकदा नीट लिहूनच काढतो.

स्कॅन तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. रिसीव्हर एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत पळतो आणि स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारं दार) उघडेल तिथे थांबतो. व्हीएफओत, म्हणजे फ्रिक्वेन्सी हाताने लावायच्या पद्धतीत, ठेवून सुरू केला तर तो पट्टा पायरीपायरीने चाळतो, मेमरीत सुरू केला तर साठवलेले चॅनल फिरतो. थांबल्यावर पुढे कधी निघायचं ते मेनूतले टीओ, सीओ आणि एसई हे तीन पर्याय ठरवतात. टीओमध्ये काही सेकंद थांबून तो पुढे पळतो, बोलणं चालू असलं तरी. सीओमध्ये सिग्नल असेपर्यंत थांबतो. एसईमध्ये पहिल्या सिग्नलवरच मुक्काम करतो. मी सीओ सोडून काही वापरत नाही. समोरचा आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखचिन्ह, सांगत असताना मध्येच उडी मारणारा स्कॅन मला सहन होत नाही. यावर वाद घालणारे घालोत.

वेगाचा हिशेब मात्र करून ठेवा. १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ हा २ मेगाहर्ट्‌झचा पट्टा १२.५ किलोहर्ट्‌झच्या पायरीने चाळला तर १६० थांबे होतात. सेकंदाला तीन थांबे घेणारा साधा संच असेल तर एका फेरीला जवळजवळ ५३ सेकंद लागतात. कुणी कॉलसाइन देऊन “ऐकतोय” एवढंच म्हणून गप्प बसला, तर त्याचे ते चार सेकंद तुमच्या वाट्याला येण्याची आशा फारशी नाही. तेच दहा मेमरी चॅनल असतील तर फेरी तीन-साडेतीन सेकंदांत पुरी होते. रोज ऐकायला मेमरी स्कॅन, आणि अनोळखी जागी पट्ट्यावर कोण आहे ते शोधायला व्हीएफओ स्कॅन. त्यापलीकडे यात गूढ काही नाही.

आता ड्युअल वॉच. यात फ्रिक्वेन्सी दोनच, वरची ए आणि खालची बी, आणि रिसीव्हर बहुतेक स्वस्त संचांत एकच. तो एवर डोकावतो, मग बीवर, पुन्हा एवर. बीवर सिग्नल आला की तिथे थांबतो आणि तेवढा वेळ एसाठी बहिरा होतो. खालच्या ओळीत गजबजलेला रिपीटर ठेवायचा आणि वर मित्राची सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट संच-ते-संच बोलायची) फ्रिक्वेन्सी, मग “मित्र हाक मारतो पण मला ऐकू येत नाही” म्हणायचं. ऐकू येणार कसं? खरोखर दोन रिसीव्हर असलेले हॅण्डहेल्डही मिळतात, याएसूचा एफटी५डी किंवा केनवुडचा टीएच-डी७५ घ्या. त्यांत दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी येतो. याला ड्युअल रिसीव्ह म्हणतात. दोन ओळींचा पडदा आणि दोन रिसीव्हर या गोष्टी कृपा करून एक समजू नका.

इथवरचा घोळ ऐकण्याचा आहे, त्यात फार तर एखादं संभाषण निसटतं. मला खरी चिंता आहे ती पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबल्यावर काय होतं याची, आणि गफलत सगळ्यांत जास्त तिथेच होते.

स्कॅनमध्ये बोलण्याआधी अनेक संचांत तुम्हाला थांबावंच लागतं. याएसूच्या संचांत स्कॅन पळत असताना पीटीटी दाबलं तर आधी स्कॅन थांबतो, त्या दाबण्याने प्रसारण होत नाही. मग आपण कुठे आहोत ते पडद्यावर बघून दुसऱ्यांदा दाबायचं. त्या एका क्षणात चूक पकडायला वाव मिळतो. ड्युअल वॉचमध्ये तो क्षणच नसतो. पीटीटी दाबलं की संच बोलायला लागतो. प्रश्न एवढाच, कुठल्या ओळीवर?

बाओफेंग यूव्ही-५आर घ्या, कारण तो पुष्कळांच्या हातात असतो. मेनू ७ मध्ये टीडीआर, म्हणजे ड्युअल वॉच. आणि मेनू ३४ मध्ये टीडीआर-एबी, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. हे दुसरं बंद असेल तर ज्या ओळीवर शेवटचा सिग्नल आला, त्याच ओळीवर संच काही सेकंद टेकून राहतो आणि तेवढ्यात दाबलेलं पीटीटी तिथेच जातं. तुम्ही निवडलेली ओळ ए असू दे, तुम्ही एवरच्या माणसाला उत्तर द्यायला तोंड उघडलेलं असू दे. क्षणभर आधी बीवर कुणाची खरखर आली असेल, तर तुमचं सगळं बोलणं बीवर जाईल. टीडीआर-एबीत ए किंवा बी निवडलं तर दुसरीकडचा सिग्नल थांबताच संच निवडलेल्या ओळीवर परततो. मग उलटी चूक होते. बीवर हाक ऐकली, ती संपली, तुम्ही उत्तर दिलं, ते गेलं एवर. हाक मारणारा वाट बघत राहतो आणि त्याला वाटतं, तुम्ही ऐकलंच नाही.

माझ्या एका मित्राने नेट (रिपीटरवर ठरवून भरणारी हॅमची बैठक) चालू असताना खासगी गप्पा मारल्या त्या अशाच. त्याला वाटत होतं तो सिम्प्लेक्सवर आहे. रिपीटरवर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि नेट कंट्रोलला, म्हणजे बैठक चालवणाऱ्याला, मध्ये पडावं लागलं. त्याची चूक एवढीच की त्याने पीटीटी दाबताना पडद्यावर चालू ओळ दाखवणाऱ्या बाणाकडे बघितलं नाही.

म्हणून माझा आग्रह असा: टीडीआर-एबीत ए निवडा आणि जिथे बोलायचं ती फ्रिक्वेन्सी कायम वरच्या ओळीत ठेवा. बीवर कुणी हाक मारली तर आधी ड्युअल वॉच बंद करा, ए/बी बटणाने खाली या, आणि मगच पीटीटी दाबा. नेट किंवा आपत्तीतलं काम चालू असेल तर ड्युअल वॉच सुरूच करू नका.

रिपीटरवर उत्तर देताना व्हीएफओ स्कॅनचाही असाच एक फटका बसतो. स्कॅन थांबतो तो रिपीटरच्या आउटपुटवर, म्हणजे रिपीटर ज्यावर बोलतो त्या फ्रिक्वेन्सीवर; ऐकतो तो दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर. शिफ्ट (त्या दोन फ्रिक्वेन्सींमधला फरक) आणि टोन (रिपीटर उघडणारा ठरावीक सूर) लावलेला नसेल तर तुमचं उत्तर त्याच आउटपुटवर जातं, रिपीटरला ते ऐकूच येत नाही. मेमरीत शिफ्ट आणि टोन चॅनलबरोबर साठवलेले असतात, म्हणूनही मेमरी स्कॅनचा पुरस्कार करतो.

स्क्वेल्च दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा. तो शून्यावर असेल तर स्कॅन पहिल्याच थांब्यावर अडकतो आणि ड्युअल वॉचही एकाच ओळीला चिकटून बसतं.

आपला संच नेमका कसा वागतो ते पाच मिनिटांत तपासता येतं. मित्राला सोबत घ्या, दोन मोकळ्या सिम्प्लेक्स फ्रिक्वेन्सी ए आणि बीवर लावा, पॉवर कमी ठेवा. मित्राने बीवर कॉलसाइन देऊन दोन सेकंद बोलायचं. तो थांबताच तुम्ही कॉलसाइन देत पीटीटी दाबा आणि बाण कुठल्या ओळीवर आहे ते बघा. मग पुन्हा तेच करा, पण या वेळी वीस सेकंद थांबून दाबा. दोन्ही वेळा बाण वेगळ्या ओळीवर दिसला, तर तुमचा टीडीआर-एबी बंद आहे.